दहा घोंगड्यांचा निकाल

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एका व्यापाऱ्याने धर्मशाळा बांधली. बारा वर्षे ती गोदाक्का नावाची बाई सांभाळत होती. उतारू आला की ती त्याच्या हाती घोंगडी देई आणि विचारी, "घरी कोण वाट पाहतंय?" कुणी लेकीचे नाव सांगे, कुणी म्हाताऱ्या आईचे. मागे रांग खोळंबायची. पण गोदाक्काला घाई ठाऊकच नव्हती. तिचे म्हणणे एवढेच, की ज्याला हे विचारले तो सकाळी घोंगडीची घडी घालून जातो. ज्याला नाही विचारले तो ती तशीच टाकून चालू पडतो.

व्यापाऱ्याला हे पटेना. "शब्दांनी कुठे घड्या होतात?" असे तो म्हणे. गोदाक्काला रजा देऊन एक दरडावणारा पहारेकरी ठेवावा, असे त्याच्या मनात होते. माणूस मात्र न्यायी. जवळच एक वृद्ध आचार्य राहत. माणसे कशी वागतात आणि का, याचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेला होता. व्यापारी त्यांना म्हणाला, "बाई म्हणते ते खरे असेल तर राहू दे तिला. नसेल तर पौर्णिमेला तिने निघावे. आपण पारखून सांगा." आचार्यांनी आपला शिष्य त्र्यंबक याला पाठवले.

त्र्यंबक हुशार होता, आणि हुशार माणसांना असते तशी घाई त्यालाही होती. प्रत्येक उतारूसाठी तो कवडी टाकी. उताणी पडली तर गोदाक्काने विचारायचे, पालथी पडली तर मुकाट्याने घोंगडी द्यायची. इथपर्यंत शाबास! दोन दिवसांत दहा उतारू झाले. विचारलेल्या पाचांपैकी तिघांनी घडी घातली, न विचारलेल्या पाचांपैकी दोघांनी. "एकाचा फरक काय, सहज पडतो," असे म्हणून त्याने व्यापाऱ्याला लिहून दिले : 'विचारल्याने फरक पडत नाही.'

गोदाक्का भांडली नाही. गाठोडे बांधता बांधता एवढेच म्हणाली, "बारा वर्षं बघतेय रे मी. मग मला काय भास होत होते?"

त्र्यंबकाला वाईट वाटले. पण आकड्यांपुढे तो तरी काय करणार?

आचार्यांनी सगळे ऐकून घेतले आणि दोन मडकी मागवली. त्र्यंबकाच्या डोळ्यांदेखत त्यांनी डाव्या मडक्यात सहा मापटी लाल चवळी आणि चार मापटी पांढरी ओतली. उजव्यात चार लाल, सहा पांढरी. दोन्ही नीट ढवळली. म्हणाले, "आता डोळे मिटून दोन्हींतून पाच पाच दाणे काढ, आणि लाल चवळी कुठल्या मडक्यात जास्त आहे ते सांग."

"आचार्य, आपण माझ्यासमोरच तर भरलीत!"

"म्हणूनच सांगतो आहे. काढ."

आता तुम्हीच सांगा, ज्याचे उत्तर ठाऊक आहे ते विचारून काय मिळणार? त्र्यंबकही मनात चरफडला, पण त्याने दाणे काढले. दोन्हीकडे तीन तीन लाल. दाणे परत टाकून पुन्हा काढले, तर उजवीकडेच एक लाल जास्त. एकाचा फरक धरायचा नाही, हा नियम त्याचाच. दहा खेपा झाल्या. डावे मडके ठळकपणे पुढे आले ते फक्त तीनदा. मग आचार्यांनी शंभर शंभर दाणे काढायला लावले. तीन खेपा केल्या आणि तिन्ही वेळा डावीकडे लाल दाणे पंधराहून अधिक जास्त भरले.

आचार्य म्हणाले, "फरक होता, आणि तुला तो ठाऊक होता. तरी पाच पाच दाण्यांनी दहात सातदा तो तुझ्या हातून निसटला. गोदाक्काच्या शब्दांत एवढाच गुण असेल, तर दहा उतारूंत तो तुला दिसला असता का? जे शोधायचे ते असलेच, तर आपल्या शोधात सापडेल का, हे आधी विचारावे. सापडणारच नसेल, तर न सापडण्याला अर्थ नाही. 'मला दिसले नाही' एवढेच तुला म्हणता आले असते. तू 'नाही' असे लिहून दिलेस, आणि त्यावर एक बाई गाठोडे बांधते आहे."

त्र्यंबकाचा चेहरा उतरला. "म्हणजे गोदाक्काचे खरे आहे?"

"मला काय ठाऊक! तिला आठवतात त्या घड्याच झाल्या असतील, टाकलेल्या घोंगड्या विसरल्या असतील. दोनशे उतारू बघ, मग बोल."

त्र्यंबक धावतच व्यापाऱ्याकडे गेला. "शेटजी, माझा निकाल परत घ्या. दहा माणसांवरून मला ते कळणे शक्य नव्हते." व्यापारी चिडला, मग म्हणाला, "कळेपर्यंत बघ. तोवर बाई राहील."

दोन महिने लागले. विचारलेल्या शंभरांपैकी त्रेसष्ट जणांनी घडी घातली, न विचारलेल्यांपैकी एक्केचाळीस जणांनी. पहारेकऱ्याचा विषय व्यापाऱ्याने पुन्हा काढला नाही.

गोदाक्का मात्र खुलली नाही. "तुझ्या कवडीपायी शंभर माणसं मी न विचारता झोपू दिली," ती म्हणाली. "त्यातल्या कुणाला त्या दिवशी विचारायलाच हवं होतं, ते कुठं लिहिलंयस?"

त्या संध्याकाळी आचार्य त्याला न्यायला आले आणि तिथेच मुक्कामाला राहिले. घोंगडी देताना गोदाक्काने दोघांनाही विचारले. त्र्यंबक म्हणाला, "आई." दोन महिन्यांत हे त्याला कुणी विचारलेच नव्हते.

सकाळी आचार्य अंगणात उभे होते. आतून त्र्यंबक आला, जरा ओशाळून म्हणाला, "आचार्य, एक घडी वाढली."

"एकाने काय ठरते रे?" आचार्य हसले, आणि आपली घोंगडी घडी करायला आत वळले.