सभापतींच्या हाती अंतरपाट

"अगं, वैजूने भर मांडवात सभापतींचे हात बांधले आणि..." एवढं कानावर आलं, तेवढ्यात मेल्या कुकरची शिट्टी झाली.

वैजू म्हणजे आमच्या गल्लीतली शेलारांची सून. मांडवापासून मठ्ठ्यापर्यंत अख्खं लग्न पार पाडून देण्याचा तिचा धंदा. त्या दिवशी तिचं पहिलंच मोठं काम होतं. मुहूर्ताला सात मिनिटं उरली, नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि सभापती दौलतराव खराटे ताफ्यासह अवतरले. "आधी दोन शब्द बोलतो," म्हणाले. त्यांचे दोन शब्द म्हणजे पाऊण तास, हे तालुक्याला ठाऊक! मुहूर्त टळला, तर पुढे वैजूला बारशाचंही काम कुणी दिलं नसतं.

ती हसून म्हणाली, "साहेब, भाषण काय, कुणीही करतं. आज अंतरपाट तुम्ही धरायचा. मामाचा मान तुम्हाला!"

साहेब फुलले. दोन्ही हातांनी अंतरपाट धरून ऐटीत उभे राहिले. लगेच मंगलाष्टकं सुरू झाली.

"अहो बाई, माझा माइक?"

"देते की! पण हात सोडलात, तर पडदा खाली येईल. मुहूर्ताआधी नवरानवरीची नजरानजर साहेबांनी घडवली, असं गावभर होईल."

साहेबांनी अंतरपाट आणखी घट्ट धरला! अक्षता वेळेवर पडल्या.

गल्ली म्हणते, सभापतींना बांधून हाकललं. हात अडकवले, हे खरं. हाकललं मात्र नाही. तीन वाट्या मठ्ठा पिऊन त्यांनी स्वतःच्या लेकीच्या लग्नाचं कामही वैजूलाच दिलं. अट एकच, अंतरपाट दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायचा.