परटिणीची वहिवाट

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी ते विचारू नका. वर्षं मोजत बसण्याइतका रिकामा माणूस तेव्हा त्या मुलखात नव्हता.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावापुढे आमराई आणि आमराईपलीकडे नदी. गावातून घाटावर जाणारी वाट आमराईच्या मधूनच जायची. पाण्याला निघालेल्या बायका, गुरं, म्हातारेकोतारे, सारे त्याच वाटेनं जात. ही वाट कुणाची, असं कधी कुणी विचारलं नव्हतं.

पुढे राजानं ती आमराई एका सरदाराला इनाम दिली. सरदारानं तिला चारही बाजूंनी काटेरी कुंपण घातलं, वाटेच्या तोंडाशी फाटक बसवलं आणि तिथे एक राखणदार उभा केला. गाव खवळलं, काठ्या बाहेर निघाल्या. आमराईला वळसा घालून घाटावर जायचं, म्हणजे डोंगराची सोंड ओलांडून तीन कोस जायचं आणि तेवढंच परत यायचं. कोण ऐकून घेईल?

तेव्हा सरदाराचा कारभारी हसत हसत चावडीवर आला. हा माणूस ओठांत एक, पोटात एक अशातला.

"अहो, तुम्हाला अडवतंय कोण?" तो म्हणाला. "फाटक दिवसभर उघडंच राहील. फक्त आत शिरताना राखणदाराला एवढं विचारायचं, 'जाऊ का?' तो म्हणेल, 'जा.' कुणाला नाही म्हणायचं नाही, अशी सरदारांची त्याला सक्त ताकीद आहे."

काठ्या खाली आल्या. पाटील म्हणाले, "दोन शब्दांनी काय जिभेला फोड येणार हाय?" सगळे हसले. उन्हाळा लागल्यावर तर कारभाऱ्यानं फाटकावर ताकाचा माठ ठेवला. मग काय विचारता! लोक 'जाऊ का' म्हणत, ताक पीत आणि सरदाराला दुवा देत पुढे जात.

एकट्या परटिणीचं मात्र बिनसलं.

पहिल्याच दिवशी गाढवावर गावाच्या कपड्यांची गाठोडी लादून ती फाटकाशी आली आणि न थांबता आत शिरली.

"ए बाई! विचारायचं असतं!" राखणदार ओरडला.

"कुणाला?"

"मला!"

"माझी सासू ह्या वाटेनं गेली, तिची सासू गेली. तवा तू होतास व्हय हितं? त्यांनी कुणाला इचारलं न्हाई. मी बी इचारायची न्हाई. ही बघ, चालले!"

आणि ती खरंच चालू लागली.

ही गोष्ट कारभाऱ्याच्या कानावर गेली, तेव्हा तो म्हणाला, "एका परटिणीनं काय होतंय? बाईमाणसाला हात लावून सरदारांचं नाव घालवू नका. चार शिव्या घाला, आपोआप वाकेल."

पण परटीण वाकली नाही. राखणदारानं शिव्या घातल्या, तर तिनं त्याहून सरस घातल्या. त्यानं गाढव कोंडवाड्यात नेऊन बांधलं, तर ती गाठोडं डोक्यावर घेऊन निघाली. गावानंही तिला सोडलं नाही. "शेफारलीय नुसती," बायका म्हणायच्या. पाटील म्हणायचे, "अगं, कशापायी कुरापत काढतीस? दोनच तर शब्द हायेत."

"दोनच हायेत म्हणून तर सरदार मागतोय," ती म्हणायची. "जास्ती मागितलं आसतं, तर तुमी दिलं आसतं व्हय?"

तिला हे सगळं सोपं गेलं, असं मात्र समजू नका. वैशाखातल्या एका दुपारी तिच्या अंगात ताप होता, गुडघे ठणकत होते आणि डोक्यावर सणावाराचं जड गाठोडं होतं. राखणदार माठाशेजारून गोड आवाजात म्हणाला, "मावशे, एकदाच विचार. गाढव आजच सोडतो. वर थंडगार ताक देतो." तिच्या घशाला कोरड पडली होती. ते दोन शब्द अगदी ओठांपर्यंत आले. मग तिला स्वतःचाच असा राग आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. माठाकडे न बघता ती चालत राहिली आणि नदीवर पोचल्यावर ओंजळीनं पोटभर पाणी प्यायली.

अशी बारा वर्षं गेली.

आणि एका सकाळी फाटकाला कुलूप लागलं. सरदाराला नदीकाठी महाल बांधायचा होता; येणाऱ्याजाणाऱ्यांची वर्दळ त्याला नको होती.

"जाऊ का?" पाटलांनी विचारलं.

"नाही," राखणदार म्हणाला.

सारं गाव राजाच्या न्यायाधीशांकडे धावलं. न्यायाधीश म्हातारे होते, कानानं अधू, पण कायद्याला पक्के. त्यांनी विचारलं, "वाट तुमची कशावरून?"

"वहिवाट हाय, महाराज! पिढ्यानपिढ्यांची!"

कारभारी पुढे झाला. "कसली वहिवाट, महाराज? बारा वर्षं हे रोज विचारत होते आणि आम्ही रोज परवानगी देत होतो. स्वतःच्या वाटेवर कुणी परवानगी मागतं का? काल दिली, आज देत नाही."

"खरं आहे का हे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"व्हय," पाटील पुटपुटले. सगळ्या गावानं माना खाली घातल्या.

"मग ऐका," न्यायाधीश म्हणाले. "वहिवाट म्हणजे नुसतं चालणं नव्हे. उघडपणे, खंड न पाडता आणि आपला हक्क आहे म्हणून चालणं, ही वहिवाट. या बारा वर्षांत असं कुणीच चाललं नसेल, तर वाट सरदारांची."

गर्दी बाजूला सारून परटीण पुढे आली. "मी चालले, महाराज! रोज चालले!"

"पुरावा?" कारभारी हसला. "हे गावकरी काय, आता वाटेल ते सांगतील."

पण बारा वर्षं मनात साठवून ठेवलेला राखणदाराचा राग नेमका तेव्हाच उसळला. "हीच ती, महाराज! भर दिवसा माझ्या नाकासमोरून 'चालले' म्हणून ओरडत जायची. शिव्या घातल्या, गाढव कोंडलं, पण मेलीनं एक दिवस विचारलं नाही! हिला आधी शिक्षा करा!"

कारभाऱ्यानं त्याची बाही ओढली. न्यायाधीशांनी कानाशी हात नेला. "नीट ऐकू आलं नाही. कधीच विचारलं नाही? मोठ्यानं सांग."

"कधीच नाही!" राखणदार गरजला. "आणि एक दिवस खाडाही नाही!"

"लिहून घ्या," न्यायाधीश म्हणाले. "याहून चांगला साक्षीदार मी पाहिलेला नाही. गावच्या एका बाईनं गावाची वहिवाट एक दिवसही मोडू दिलेली नाही. वाट गावाची आहे. कुलूप काढा."

दुसऱ्या दिवशी सारं गाव फाटकाशी जमलं. कुलूप निघालं होतं, फाटक सताड उघडं होतं. तरीही पाऊल कुणी टाकेना. बारा वर्षांची सवय! पाटील राखणदारापुढे जाऊन थांबले आणि विचारायला त्यांनी तोंड उघडलं.

"पाटील," मागून परटीण कडाडली, "त्वांड मिटा आन् चाला!"

पाटलांनी तोंड मिटलं. गाव चालू लागलं.

तात्पर्य: हक्काची परवानगी मागितली, की तो हक्क राहत नाही, देणाऱ्याची मेहेरबानी होते.