एकही रेघ न पुसता

उंबरनगरच्या रेशनचं सॉफ्टवेअर काही केल्या तयार होईना, कारण त्याचा आराखडा कुणालाच कळत नव्हता. आवडला मात्र सगळ्यांना होता.

उंबरनगरात महाराज होते आणि संगणकही होते. दोघेही अधूनमधून अडून बसत. मुख्य रचनाकार त्र्यंबकपंतांनी तो आराखडा भिंतीएवढ्या कापडावर रंगवला होता. चौकोनाला खेटून चौकोन, बाणावर बाण. महाराज विचारत, "समजलं?" की दरबारी माना डोलावत. त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. प्रोग्रॅमर मंडळी मात्र कापडापुढे उभी राहून रोज हात हलवत परत जात. धान्य कोठारात पडून आणि लोक रांगेत उभे.

एकदा कापड चुरगळलं म्हणून इस्त्रीसाठी भागू परटिणीला बोलावलं. तिनं ते खालीवर न्याहाळलं.

"महाराज, मान्सानं कार्ड दिलं, तर धान्य यातनं कुठनं भाईर पडतं?"

महाराजांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी छताकडे पाहिलं.

"फार अक्कल आहे ना तुला?" महाराज भडकले. "मग उद्या दरबार भरेपर्यंत हा आराखडा सगळ्यांना समजेल असा करून आण. एक रेघ पुसायची नाही, एक अक्षर वाढवायचं नाही, कात्री लावायची नाही. नाही जमलं, तर नदीवरचा तुझा घाट जप्त!"

घाट गेला तर भागूनं धुणं कुठं करायचं आणि खायचं काय? घरी तिनं कापडाला इस्त्री केली, पुन्हा न्याहाळलं, आणि वैतागून ते कोपऱ्यात टाकायला उचललं. पण परटिणीचा हात तो! कापड हातात आलं की निऱ्या पडणारच. पडलेल्या निऱ्यांकडे भागू बघतच राहिली आणि मग एकटीच हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी तिनं दरबारात ते कापड निऱ्या घालून जेमतेम वीतभर रुंद करून धरलं. बाकी सगळं निऱ्यांच्या आत गेलं होतं; वर तीनच चौकोन दिसत होते : कार्ड, दुकान, कोठार. तिनं दारावरच्या पहारेकऱ्याला हाक मारली.

"दादा, काय दिसतंय?"

"कार्ड दुकानात जातंय, दुकानाचा निरोप कोठाराला, अन् कोठारातनं धान्य. हे तर सोपं हाय की."

"आता दुकानाच्या आत काय चालतं ते बगायचंय? मग ही येवढीच निरी उघडा." तिनं निरी उघडली. आत अंगठा, वजनकाटा, पावती. प्रोग्रॅमर मंडळी पुढे सरसावली.

पंतांचा मात्र तिळपापड झाला. "महाराज, हिनं माझा विस्तार झाकला! माझी रचना एका नजरेत सबंध दिसायला हवी."

"पंत," भागू म्हणाली, "तुमचं पागोटं भिंतीएवढं लांब भरतं. आमीच धुतो, आमाला ठावं. ते सबंध उलगडून, मागं फरफटत कधी दरबारात आलात का?"

महाराजांनी पागोट्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागले. महाराज खरंच हसताहेत याची खात्री झाल्यावर दरबारीही हसले.

"भागू, घाट तुला वंशपरंपरेनं इनाम दिला," डोळे पुसत महाराज म्हणाले. "आणि पंत, यापुढे तुमचा प्रत्येक आराखडा आधी हिच्या घाटावर जाईल, मग दरबारात येईल."