सगुणामायचे बारा फेरे

गावातलं एकुलतं एक घड्याळ म्हणजे तेलिणीचा बैल होता, त्या दिवसांची ही गोष्ट. हिंगणदरीत मी सून म्हणून आले तेव्हा ती पहिल्यांदा ऐकली, आणि नंतर इतक्या जणींच्या तोंडून ऐकली की कुणाचा तुकडा कुठे जोडला गेलाय ते आता माझं मलाही सांगता यायचं नाही. शिकलेल्या बाईनं खरं-खोटं निवडून सांगावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी एकदा निवडायला बसलेही होते. हाताशी काहीच उरेना, म्हणून सोडून दिलं.

तर, फार वर्षांपूर्वी गावाच्या कडेला चिंचेखाली लाकडी घाणा होता. त्याची मालकीण सगुणामाय. तिचा चांद्या बैल डोळ्यांना झापडं बांधून दिवसभर घाण्याभोवती फिरायचा, आणि घाण्याची करकर पार शिवेपर्यंत ऐकू जायची. भाकरीला तीन फेरे, पाणी उकळायला पंचवीस, असा बायकांचा हिशोब असायचा. तीळ गाळले की ताज्या तेलाचा वास गल्लीगल्लीत शिरायचा, आणि पोरं गुळाचा खडा घेऊन कोमट पेंड मागायला धावायची. आता चिंच आहे, घाणा नाही. पण संक्रांत जवळ आली की म्हातारी माणसं तिथून जाताना पाऊल हळू करतात. तो वास अजून येतो, असं म्हणतात.

सगुणामायच्या घरात पळी नव्हती. तेल ती नारळाच्या करवंटीनं काढायची. त्याचं कारण असं. ती लहान असताना तिच्या धाकट्या बहिणीला, ठकीला, फेफरं यायचं. अंग ताठ व्हायचं, हातपाय झटके द्यायचे, तोंडाला फेस यायचा. एकदा असंच झालं आणि कुणीतरी ओरडलं, "दातखीळ बसली, पळी आणा!" पळी सगुणानंच धावत जाऊन आणली. चौघांनी ठकीला दाबून धरलं, पळी दातांत सारली. दात तुटून घशात गेला आणि ठकी गेली. तेवढ्या वेळात घाणा फिरतच होता. सगुणामाय पुढे म्हणायची, "चार फेऱ्यांत तिचं आपसूक उतरायचं. नेहमी उतरायचं. तेवढी कळ कुणाला काढवली न्हाई, आन् मला तर न्हाईच."

अशात एका वर्षी संक्रांतीच्या आदल्या दिवशी घाण्यावर गर्दी जमली होती. अनसाबाईची नवी सून मैना तिळाची पाटी घेऊन आली. लग्नाला दोन महिने झाले होते. पाटी खाली ठेवता ठेवता ती कोसळली आणि झटके सुरू झाले.

"वहाण हुंगवा!" एक जण पायातली काढून पुढे झाला.

"कांदा फोडा! हातात किल्ल्या द्या!"

सगुणामायनं त्याच्या हातातली वहाण हिसकली. "तुझ्या वहाणेच्या वासानं माणसं उठत असती, तर तुझ्या घरात कुणी झोपलंच नसतं!" म्हणाली आणि भिरकावली. ती ओढ्यापलीकडच्या बाभळीत जाऊन अडकली, आणि पुढे तीन वर्षं त्या बाभळीला शेंग धरली नाही, असं म्हणतात.

मग तिनं पेंडीचा चुरा मुठीत घेऊन पोरीभोवती रिंगण ओढलं. "ह्याच्या आत कुणी यायचं न्हाई. धरायचं न्हाई. तोंडात काय घालायचं न्हाई." मैनेला तिनं कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पदर दिला, गळ्यातली पोत सैल केली. लुगडं भिजलेलं दिसलं तशी गर्दीवर ओरडली, "पाठ फिरवा समद्यांनी! बघता काय?" माणसांनी पाठ फिरवली. चिंचेवरच्या कावळ्यांनीही फिरवली, असं म्हणतात. चांद्या चालतच होता, आणि सगुणामाय मोठ्यानं मोजत होती. एक. दोन. तीन. चौथ्या फेऱ्याला अंग सैल पडलं. मैना झोपल्यासारखी निपचित झाली, मग बऱ्याच वेळानं डोळे उघडून म्हणाली, "माझे तीळ?"

पण खरं संकट पुढेच होतं. अनसाबाई चिंचेखाली येऊन थांबली आणि म्हणाली, "माझ्या पोराच्या गळ्यात फेफरेकरीण बांधली. उद्याच्या उद्या माहेरी पोचवते." मैनेला माहेरी सावत्र आईच तेवढी होती. परत गेली तर दारातही उभी राहू दिली नसती. मैनेचा नवरा केरबा आईपुढे बोलणारा नव्हता. पण गाडी जुंप म्हटलं तरी त्यानं जुंपली नाही, एवढं त्याच्या नावावर आहे.

"एका लोट्यातलं पाणी प्यालं तर घरभर व्हतंय ते," अनसाबाई म्हणाली.

शुद्धीवर आल्यावर मैनेला पाणी दिलं होतं; सगुणामायनं तिच्या हातातला तो लोटा घेतला आणि उरलेलं पाणी सगळ्यांदेखत पिऊन टाकलं. "बघत बस, मला कधी व्हतंय ते. संक्रांत ते संक्रांत थांब, अनसे. ह्या वर्षात तिला पुन्हा आलं, तर मीच माझ्या छकड्यातून पोचवीन."

ही अट घातली ती आपली चूकच, असं ती पुढे कबूल करायची. आजार काय अटी ऐकून येतो-जातो? पण बोलून बसली होती. आणि तिनं ऐकलं होतं, की पाच कोसांवर तालुक्याला एक डॉक्टरीणबाई आल्यात.

सगुणामाय छकड्याला चांद्या जुंपून मैनेला तिकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. म्हणाल्या, "भूत नाही, शाप नाही, एकाचं दुसऱ्याला होत नाही. मेंदूत क्षणभर वीज उसळते, तिचे हे झटके. ही गोळी रोज घ्यायची. बरं वाटलं तरी घ्यायची. आपल्या मनानं बंद केली, तर दुप्पट जोरानं येईल. आणि कधी झटके पाच मिनिटांत थांबले नाहीत, तर वाट बघू नका, इकडे आणा."

"मिनिट म्हंजी किती फेरे?" सगुणामायनं विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. दवाखान्याच्या आवारात कडुलिंब होता. चांद्याला झापडं बांधली, कारण त्याशिवाय तो एका चालीनं चालायचा नाही, आणि घाण्यावरच्या रिंगणाएवढं रिंगण आखून त्याला लिंबाभोवती फिरवलं. बाई मनगटावरचं घड्याळ बघत उभ्या राहिल्या. पाच मिनिटं झाली तेव्हा बारा फेरे भरले होते. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली. त्या दिवसापासून हिंगणदरीत बारा हा आकडा वेगळ्या आवाजात उच्चारतात.

दर महिन्याला छकडा तालुक्याला जाऊन गोळ्या आणायचा. नऊ महिने झाले, मैनेला एकदाही आलं नाही. ती हसायला लागली, गायला लागली, अनसाबाईच्या पायाला तेल चोळायला लागली. अनसाबाई विरघळली. इतकी, की नवरात्र आलं तेव्हा तिनं मायेनं सांगितलं, "देवीनंच तुला बरं केलं बघ. नऊ दिवस कडक उपास धर. उपासात गोळीसुदिक नगं."

ह्यात वाईट हेतू कणभर नव्हता. मला गोष्टीत सगळ्यात जास्त भीती इथेच वाटते.

दसऱ्याला सोनं वाटता वाटता मैना अंगणात पडली. घाणा त्या दिवशी पूजेसाठी थांबवलेला. पण फेरे आता गावाच्या अंगात भिनले होते. अनसाबाईनंच सुनेला कुशीवर वळवलं, आपला पदर तिच्या डोक्याखाली दिला आणि मोजायला लागली. पाठ फिरवून उभी असलेली सगळी गल्ली तिच्याबरोबर मोजत होती. दहा. अकरा. बारा. झटके थांबले नाहीत.

सगुणामायनं चांद्याला छकड्याला जुंपलं आणि झापडं काढून फेकली. जन्मभर गोल फिरलेला बैल, महिन्यातून एकदा सरळ रस्ता बघायचा, तोही रमतगमत! पण तो सुटला तो बाणासारखा. अनसाबाई मैनेला कुशीवर धरून बसली होती, तोंडातली लाळ पुसत होती. ओढ्याला पाणी होतं, ते दुभंगलं म्हणतात. मला तेवढं पटत नाही, पण सूर्य थांबला होता, हे मात्र पटतं. पाच कोस संपेपर्यंत तो तालुक्याच्या लिंबाच्या शेंड्यावरून हलला नाही, असं म्हणतात. एरवी त्या वाटेवर अंधार पडायचाच.

डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं. झटके थांबले. दोन दिवस मैना उठली नाही, तिसऱ्या दिवशी तिनं पेज मागितली.

"गोळ्या कुणी थांबवल्या?" बाईंनी विचारलं.

सगुणामाय मैनेच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत राहिली.

"मी," अनसाबाई म्हणाली.

मग संक्रांत आली. दिलेला शब्द शब्दच, म्हणून सगुणामाय पडलेल्या चेहऱ्यानं छकडा घेऊन अनसाबाईच्या दारात आली. मैना आत बोचकं बांधून बसली होती. अनसाबाई आपलंच एक बोचकं काखेत मारून बाहेर आली आणि छकड्यात चढून बसली.

"अगं, तू कुठं?"

"माहेरी. पोरीला पुन्हा आलं ते माझ्यापायी. मग पोचवायचं ते मलाच पोचव."

"तुझं माहेर तर कवाच उठलं, अनसे. पोचवू कुठं?"

"तेच म्हणते. जायला जागा न्हाई मला. मग उतरू का?"

सगळी गल्ली हसली. मैना दारात आली, रडत रडत हसली, आणि त्या दोघींना तिळगूळ देऊन तिनं बोचकं सोडलं. पुढे तिला चार लेकरं झाली, नातवंडं झाली. डॉक्टरीणबाईंच्या नजरेखाली ती रोज गोळी घ्यायची, आणि क्वचित कधी आलंच, तर गाव पाठ फिरवून मोजायचं.

सगुणामाय गेली त्या दिवशी चांद्या कुणी न जुंपता घाण्याभोवती बारा फेरे चालला आणि मग खाली बसला, असं म्हणतात.

आज हिंगणदरीत घड्याळं आहेत, दवाखान्याची गाडी आहे. तरी कुणी झटके येऊन पडलं, की गाव अजून पाठीचं रिंगण करतं, आणि वहाण कुणी काढत नाही. घटस्थापनेच्या सकाळी तर गावात एक वेगळंच असतं. ज्या घरात रोजचं औषध चालू आहे, त्या घरी बायका जातात, आणि सगळ्यात वडील बाई आपल्या हातानं औषध देऊन वर पाण्याचा घोट देते. त्याला सगुणामायचा घोट म्हणतात. तो घोट पोटात गेल्याशिवाय गावात कुणी उपास धरत नाही.

दोन वर्षांपासून त्या आमच्याकडेही येतात. माझा लेक चार वर्षांचा आहे. पहिल्यांदा त्याला आलं तेव्हा मी मोबाईलवर सेकंद मोजत होते आणि दोनदा आकडा चुकले. बारा म्हणजे किती, ते मला तेव्हा शेजारणीनं मोजून दाखवलं. यंदा घटस्थापनेला पंधरा-सोळा बायका ओसरीवर उभ्या होत्या, आणि ह्यानं तोंड जे घट्ट मिटलं, ते उघडेना. मी शरमेनं अर्धी झाले. म्हणाले, तुम्ही जा, मी देते मागाहून.

"जाऊ कुठं?" त्यांच्यातली सगळ्यात वडील म्हातारी म्हणाली आणि औषधाचा चमचा तसाच धरून खाली बसली. मग बाकीच्याही बसल्या. कुणी घाई केली नाही. पाऊण तासानं त्याचं त्यालाच हसू आलं. औषध गिळलं, वर पाण्याचा घोट गेला, आणि गावाचं नवरात्र बसलं.