साखरआंब्याची बरणी

"आणि चोर डावखुरा, हे कशावरून?" निर्गुणबुवांनी विचारलं.

"गाठीवरून." त्र्यंबकाने साखरआंब्याची रिकामी बरणी पुढे सरकवली. तोंडावरचं फडकं पुन्हा नीट बांधलेलं होतं, पण गाठ उलट्या हाताची.

हा त्र्यंबक बुवांचा लाडका शिष्य. नुकताच शहरातून गुन्हेगारांच्या मनाचं शास्त्र शिकून आला होता. तेव्हापासून मठात कुणी साधं शिंकलं, तरी त्याला त्यात हेतू दिसायचा!

दाराशी धाकू आचारी गाठोडं घेऊन उभा होता. बुवांनी नुसती मान हलवली असती, तरी बिचाऱ्याचा जन्मभराचा मठ सुटला असता.

"आईशपथ बुवा, मी नाय खाल्ला..."

"ऐकलंत?" त्र्यंबक म्हणाला. "चोर हटकून आईचीच शपथ घेतो. शास्त्रात आहे."

"आणखी काय आहे शास्त्रात?"

"आजवरच्या चोरांवरून हा चोर ओळखायचा. अशा चोऱ्या बहुतेक घरचाच माणूस करतो. मग खुणांवरून त्याचा स्वभाव काढायचा. फडकं पुन्हा बांधलं, म्हणजे गडी नीटनेटका. वरून साधा, आतून हावरा. दोन्हीकडून धाकूच!"

"बरं..."

त्र्यंबकाला आता चेव आला. "आणि मुख्य खूण म्हणजे, असा माणूस गप्प बसत नाही. तपासात पुढेपुढे करतो. चोरी झाल्याची बोंबही बहुतेक तोच पहिल्यांदा ठोकतो."

"इथे कुणी ठोकली रे?"

"मी..."

त्र्यंबकाचा आ तसाच राहिला.

बुवांनी तबकातली सुपारी उचलली आणि त्र्यंबकाच्या अंगावर भिरकावली. त्याने ती अलगद झेलली.

डाव्या हाताने.

सगळ्या मठाचे हात तपासून त्याने एकटा धाकूच डावखुरा ठरवला होता. आपलाच हात तेवढा तपासायचा राहिला होता.

"धाकू, तुझं गाठोडं सोड," बुवा म्हणाले. "याचं बांध."

शास्त्र गेलं चुलीत, त्र्यंबकाने धावत जाऊन बुवांचे पाय धरले.

"अहो बुवा, आईशपथ, मी नाही खाल्ला!"

बुवांनी दाराकडे पाहिलं.

"ऐकलंस, धाकू? शास्त्रात आहे."