मांडीखालची पानं

"...मग वाचायचं तरी कशाला, बाबा?"

अवधूत बोलून गेला आणि स्वतःच चपापला. अख्ख्या मठात त्याच्याइतकं वाचलेला दुसरा कुणी नव्हता, आणि हे तो कुणाला विसरूही देत नसे. पोथी संपवायची, सांगतेचं गूळखोबरं वाटायचं, की लगेच दुसरी पोथी! आता मात्र पोथीकडं बघवत नव्हतं.

केवलगिरीबाबा थकलेले, डोळे पार गेलेले.

"लहानपणी आई जेवायला हाका मारून दमायची, मला पत्ताच नसायचा. इतका बुडालेला असायचो. ते सुख गेलं, बाबा... फार आठवण येते हो त्याची." "उद्या मी मठ सोडतो."

"बरं. जाण्याआधी ती कोनाड्यातली पोथी तेवढी वाचून दाखव."

अवधूतनं रुमाल सोडला. जुनी, सुट्या पानांची पोथी. सवयीप्रमाणं त्यानं आधी गठ्ठ्याची जाडी बघितली आणि सुस्कारा टाकला.

"बरीच पानं आहेत की!"

बाबांनी हात पुढं केला. वरची चार पानं त्याच्यापुढं ठेवली, आणि उरलेला गठ्ठा खुशाल मांडीखाली घेऊन बसले.

"अहो बाबा! पोथीवर बसता?"

"तू वाच."

तो वाचू लागला. आधी भराभरा, उरकल्यासारखं. नावाड्याची लेक भर पुरात होडी घालते. पैलतीरावर तिचा आजारी बाप एकटाच. अवधूतचा आवाज हळूहळू उतरला. मधल्या धारेत तिचं वल्हं मोडलं... आणि पान संपलं.

"पुढचं पान, बाबा?"

"उद्या."

"उद्या कसं? माणूस पुरात सोडून पोथी झाकायची नाही, आपल्या मठाचा नेम आहे!"

"तू तर मठ सोडतोयस."

"बाबा, पाया पडतो. तिचं काय झालं तेवढं सांगा."

"मला काय ठाऊक? ही पोथी वाचून व्हायच्या आतच माझे डोळे गेले. कितीतरी वर्षं मी वाट बघतोय."

बाबा हळूच बाजूला सरकले.

त्यानं गठ्ठा ओढून घेतला आणि वाचत सुटला. होडी भोवऱ्यात सापडली, फिरली, पुन्हा धारेला लागली. पैलतीरावरच्या बापाची हाक तिला ऐकू आली. अवधूतचे डोळे भरून आले. पान उलटताना त्याच्या बोटांना खालचा पातळ झालेला गठ्ठा लागला, आणि तो थबकला.

"बाबा... एवढीच उरली?"

म्हाताऱ्यानं भिंतीला पाठ टेकली.

"मघाशी तुला जेवायला दोनदा हाका मारून गेले रे."