चितारणीचा हत्ती

नदीकाठच्या एका गावात एक चितारीण राहत होती. कुणाच्या घरी लग्न निघालं की दाराच्या दोन्ही अंगांना हत्ती काढायचे, असा तिथला रिवाज. त्या हत्तींवरच तिचं पोट चालायचं.

तिचा हत्ती मात्र जगावेगळा होता. इतर गावांत दारावरचा हत्ती म्हटला की सोंड वर करून ऐटीत उभा असायचा. हिचा हत्ती सोंड खाली सोडायचा आणि मान किंचित वाकवून येणाऱ्याकडे बघायचा. ती लहान असताना गावात एक माहूत हत्ती घेऊन आला होता. सगळी पोरं पळाली, ही तेवढी उभी राहिली, आणि हत्तीने सोंड खाली आणून तिचं डोकं हुंगलं. तोच हत्ती तिच्या हातात बसला तो कायमचा. लोक तिच्या हत्तीला हसायचे, पण काढून घ्यायचे, कारण दुसरं कुणी काढणारं नव्हतं.

एका वर्षी शहरातून एक रंगारी आला. त्याच्याकडे पत्र्याचा कोरलेला साचा होता. साचा भिंतीला लावला, वरून रंग फिरवला की हत्ती तयार. सोनेरी झूल, सोंड वर, सगळे एका मापाचे. गाव खुळावलं. ज्याच्या घरी लग्न तो साच्याचा हत्ती मागू लागला, आणि चितारणीचे कुंचले कोरडे पडले.

त्या वैशाखात गावात पाच-सहा लग्नं एकाच गोरज मुहूर्तावर होती. त्यातलं एक पाटलांच्या लेकीचं. पाटलांनी चितारणीला बोलावून घेतलं.

"बाई, हात तुझा चांगला आहे. पण तुझा हत्ती आजारी दिसतो. मी रंगाऱ्याकडून एक साचा घेतलाय, तो ने. असा हत्ती काढलास तर यापुढे साऱ्या गावाचं काम तुझं."

"आणि माझा हत्ती?"

"तो काढ की स्वतःच्या भिंतीवर. कोण नको म्हणतं?"

चितारीण साचा घेऊन घरी आली. पिठाचा डबा खडखडत होता, तेव्हा मोह झाला नाही असं कशाला म्हणा. तिने साचा स्वतःच्या भिंतीला लावून हत्ती काढला. दिसायला झकास होता. ती त्याच्यासमोर बसून राहिली. हत्ती तिच्या डोक्यावरून कुठेतरी लांब बघत होता. ही त्याच्या लेखी कुणीच नव्हती. तिने शेण कालवलं आणि भिंत सारवून टाकली.

दुसऱ्या दिवशी साचा पाटलांच्या ओसरीवर ठेवून ती म्हणाली, "पाटील, लोकांच्या शेतात खुरपायला जाईन. पण हत्ती काढीन तो माझाच."

"मग बस हात चोळत," पाटील म्हणाले.

वाटेत तिला रडू आलं. पण ती मागे फिरली नाही. तिने खुरपं धरलं.

पाटलांच्या घराला रंगाऱ्याचे हत्ती लागले, तेल्याच्या आणि इतर लग्नघरांनाही. एक परटीण तेवढी तिच्या दाराशी आली. "पोरगी हटून बसलीय. म्हणते, मावशीचा हत्ती दारावर नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही." चितारणीने गेरू भिजवला, चुना कालवला आणि जीव ओतून हत्ती काढले.

लग्नाची संध्याकाळ आली. दारावर हत्ती दिसतील ते आमचं घर, असे निरोप जो तो आपापल्या व्याह्यांना आधीच धाडून बसला होता. सगळी वऱ्हाडं मारुतीच्या देवळापाशी एकदमच पोचली. वाजंत्री एकमेकांत मिसळली, घ्यायला आलेली माणसं गर्दीत चुकली, धुळीत धड दिसेना. मग ज्याला सोंड वर केलेला जो हत्ती आधी दिसला, त्या मांडवात तो शिरला. पाटलांचे व्याही तेल्याच्या घरी पाय धुऊन सरबत प्याले. तेल्याचा जावई पाटलांच्या बोहल्यावर चढला. अंतरपाट धरून भटजींनी नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा कुठे पाटलीणबाईंनी कपाळाला हात लावला. पाटील अनवाणी दारोदार धावले. प्रत्येक दारावर तोच हत्ती, तीच झूल. व्याही सापडेपर्यंत मुहूर्त टळून गेला होता.

परटिणीने निरोपात सोंड खाली सोडलेला हत्ती सांगितला होता, तिचं वऱ्हाड मात्र नीट पोचलं. नवऱ्याच्या आजीने दिवटी वर धरली आणि म्हणाली, "हेच घर. हा बघा, वाकून आपल्याला हुंगतोय." तिथे अक्षता वेळेवर पडल्या.

पुढे पाटलांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा ते स्वतः चितारणीच्या दारी आले. काखेत साचा होता.

"बाई, हत्ती तूच काढायचेस. सोंड तेवढी जरा वर घे."

"सोंड खालीच राहील, पाटील."

पाटलांनी साचा काखेतून काढून ओट्याला टेकवला. मग म्हणाले, "बरं, खाली तर खाली. आणि या साच्याचं काय करू?"

"कोंबड्यांच्या खुराड्याला लावा," चितारीण म्हणाली. "भोकांतून वारा खेळता राहील." आणि ती गेरू भिजवायला आत गेली.

तात्पर्य: उसन्या साच्यातून हत्ती कितीही देखणा निघो, आपलं दार ओळखू येतं ते आपल्याच हातच्या हत्तीमुळे.